वाचकांचे प्रश्न : बाटलीतलं पाणी भट्टीतून आलंय का?

घरी साबण, उटणं, फेसपॅक करून विकणाऱ्या नाशिकच्या वाचकांकडून या वेळी एकाच विषयावर जास्त पत्रं आली: काष्ठौषधीच्या दुकानांतून आणि घाऊक पुरवठादारांकडून मिळणारं हायड्रोसोल अस्सल आहे हे कसं ओळखायचं? फुलं, पानं किंवा मुळं पाण्यात उकळून किंवा वाफेवर धरून ती वाफ थंड केली, की वर थोडं तेल तरंगतं आणि खाली सुगंधी पाणी उरतं. हे पाणी म्हणजे हायड्रोसोल, आणि ते ज्या भांड्यातून काढतात ती भट्टी. गुलाबजल आणि केवडाजल आपल्याला जुने माहीत आहेत. लव्हेंडर, टी ट्री, रोजमेरी अलीकडे आले. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देत आहोत.

प्रश्न : घाऊक पुरवठादाराकडून गुलाबजलाचा ५ लिटरचा कॅन आणला. झाकण उघडलं की खोलीभर वास दरवळतो. दुकानदार म्हणतो, ‘वास बघा ना, अस्सल कन्नौजचा माल आहे.’ घरच्या घरी खात्री करता येईल का? (गंगापूर रोड)

थोडी खात्री करता येईल, पूर्ण नाही. घरगुती चाचण्या भेसळ पकडतात, अस्सलपणा सिद्ध करत नाहीत. हा फरक लक्षात ठेवला नाही तर एक चाचणी पास झाली की आपण निर्धास्त होतो, आणि नकली माल करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

खोलीभर दरवळणारा वास ही अस्सलपणाची खूण नाही, उलट इथूनच शंका घ्यावी. गुलाबाच्या खऱ्या पाण्यात सुगंधी द्रव्यांचं प्रमाण साधारण ०.०२ ते ०.०५ टक्के असतं. म्हणजे एक लिटरमध्ये अर्ध्या ग्रॅमच्या आत. त्याचा वास मऊ असतो. त्यात मधासारखी, किंचित हिरवी, थोडी उकडलेल्या पाकळीची छटा असते. अगरबत्तीसारखा किंवा रोझ सिरपसारखा सरळसोट गोड वास आला, तर बहुधा पाण्यात कृत्रिम सुगंध मिसळला आहे.

चाचण्यांकडे वळण्याआधी नकली मालाचे प्रकार वेगळे करून घेऊ, कारण प्रत्येक प्रकार वेगळ्या चाचणीत सापडतो. पहिला, साधं किंवा आरओचं पाणी आणि कृत्रिम सुगंध. दुसरा, पाण्यात खरं किंवा खोटं सुगंधी तेल आणि ते विरघळवण्यासाठी पॉलिसॉर्बेट २० सारखं द्रव्य. तिसरा, खरंच भट्टीतून काढलेलं पण नंतर पाणी घालून वाढवलेलं. चौथा, भट्टी खरी पण वनस्पती दुसरीच. पहिले दोन घरी सापडू शकतात. तिसरा आणि चौथा घरी पकडणं फार अवघड आहे, आणि घाऊक बाजारात तिसऱ्याचा मोह सगळ्यात मोठा असतो.

आता फेसाची चाचणी. १०० मिलिलिटरच्या स्वच्छ काचेच्या बाटलीत ५० मिलिलिटर नमुना घ्या, झाकण लावून जोरात वीस वेळा हलवा आणि ठेवून द्या. भट्टीच्या पाण्यावरचे बुडबुडे काही सेकंदांत, फार तर अर्ध्या मिनिटात फुटून जातात. पॉलिसॉर्बेट असेल तर फेसाची कडा बाटलीला चिकटून पाच-दहा मिनिटं राहते. बाटली आधी साबणाने धुतली असेल तर डिस्टिल्ड वॉटरने तीनदा विसळा, नाहीतर फेस साबणाचाच असेल.

आमच्या मते सगळ्यात जास्त सांगून जाणारी चाचणी अवशेषाची आहे. उडणारं तेवढंच वाफेबरोबर वर जातं आणि तेवढंच भट्टीतून बाहेर येतं. म्हणून हायड्रोसोल आटवलं तर मागे डोळ्याला दिसेल असं काही राहता कामा नये. एक स्टीलची वाटी सोनाराच्या छोट्या काट्यावर तोला (०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा स्वस्तात मिळतो). त्यात १०० मिलिलिटर नमुना घ्या. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून वाटी त्याच्या वाफेवर ठेवा, सरळ आचेवर नको. आटायला दोन-तीन तास लागतील. शेजारी दुसऱ्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर ठेवा, म्हणजे धुळीचा आणि वाटीचा दोष वेगळा कळेल. वाटी बाहेरून पुसून, गार करून पुन्हा तोला.

खऱ्या हायड्रोसोलच्या वाटीत फार तर एक पुसट कडं दिसेल आणि वजनात फरक पडणार नाही. चिकट, बोटाला ओढ देणारा थर राहिला तर ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल समजा. तेलकट, पाण्याचा थेंब टाकल्यावर पांढुरका होऊन विरघळणारा थर म्हणजे पॉलिसॉर्बेट. तेल विरघळवण्यासाठी ते तेलाच्या चौपट ते दसपट घालावं लागतं, म्हणून १०० मिलिलिटरमागे अर्धा ग्रॅमसुद्धा सापडू शकतो आणि काट्यावर स्पष्ट दिसतो. पांढरे खडे राहिले तर नळाच्या पाण्यातले क्षार किंवा सोडियम बेंझोएटसारखं टिकवण्याचं द्रव्य. ते लेबलवर जाहीर केलेलं असेल तर त्याला भेसळ म्हणता येणार नाही. रंगीत कडं म्हणजे रंग घातला आहे. गुलाबी गुलाबजल ही कल्पनाच डोक्यातून काढा: पाकळीचा रंग वाफेबरोबर वर येत नाही, भट्टीचं गुलाबजल रंगहीन असतं.

आणखी एक सोपी गोष्ट, अर्धा कप नमुना रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. हायड्रोसोल जवळजवळ पूर्ण पाणी असल्याने त्याचा टणक बर्फ होतो. चमचा रुतेल असा मऊ गोळा राहिला तर त्यात ग्लिसरीन, ग्लायकॉल किंवा अल्कोहोल बऱ्यापैकी आहे. काडी पेटवून बघण्याचा उपाय मात्र निरुपयोगी आहे. पाण्यात दहा-पंधरा टक्के अल्कोहोल असलं तरी ते पेट घेत नाही.

कृत्रिम सुगंध आणि डिस्टिल्ड वॉटर एवढंच असेल, तर वरच्या सगळ्या चाचण्या हा माल पार करू शकतो. तिथे नाकच लागतं, आणि नाकाला तुलनेसाठी खरा नमुना हवा. तो घरी काढता येतो. फुलबाजारातून सकाळी लवकर गुलकंदाचा गावठी गुलाब आणा, ५०० ग्रॅम पाकळ्या निवडा. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात मधोमध स्टँड आणि त्यावर रिकामी वाटी ठेवा, भोवती पाकळ्या आणि १.५ लिटर डिस्टिल्ड वॉटर घाला, वर झाकण उलटं ठेवून त्याच्या खोलगट भागात बर्फ ठेवा. मंद आचेवर वाफ झाकणाला लागून वाटीत थेंब-थेंब पडेल. बर्फ वितळला की पाणी काढून नवा घाला. झाकण कोमट झालं की सुगंध कडेने उडून जातो. ३०० ते ४०० मिलिलिटर जमलं की थांबा. त्यापुढे येणाऱ्या पाण्याला नुसता उकडलेल्या भाजीचा वास असतो. हे पाणी काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यानंतर बाजारच्या नमुन्याशी ताडून बघा. दोन कागदी पट्ट्या भिजवून लगेच, दहा मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या सकाळी वास घ्या. भट्टीचं पाणी बदलत-बदलत विरत जातं. सुगंध मिसळलेली पट्टी बहुधा दुसऱ्या सकाळीही तोच एकसुरी वास देते.

हे कुकरच्या शिट्टीला नळी लावून करू नका. पाकळी अडकून वाट बंद झाली तर कुकर फुटण्याचा धोका असतो.

प्रश्न : पीएच पट्टी आणि टीडीएस मीटर घेतला. नमुन्याचा पीएच ६.५ ते ७ आणि टीडीएस शून्य आला. पुरवठादार म्हणतो, शून्य म्हणजे शंभर टक्के शुद्ध. (सिडको)

शून्य टीडीएसचा अर्थ एवढाच की पाण्यात क्षार नाहीत. टीडीएस मीटर मुळात पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. सुगंध, ग्लिसरीन, अल्कोहोल, पॉलिसॉर्बेट यांतलं काहीच त्याला दिसत नाही. बॅटरीत घालायच्या पाण्यात कृत्रिम गुलाब मिसळला तरी मीटर शून्यच दाखवेल.

दोन आकडे एकत्र वाचले तर जास्त कळतं. बहुतेक हायड्रोसोल किंचित आम्ल असतात; गुलाबाचा पीएच बहुधा ४ ते ५.५ च्या दरम्यान सापडतो. वनस्पतीतली उडणारी आम्लं थोड्या प्रमाणात वाफेबरोबर येतात म्हणून. आता आम्ल आहे तर पाण्यात थोडे आयन, म्हणजे वीज वाहून नेणारे कण, असणार आणि ते मीटरवर दिसणार. म्हणून ताज्या हायड्रोसोलचा टीडीएस साधारण एकेरी किंवा छोटा दोन आकडी असतो. पीएच ४.५ आणि टीडीएस ८ हे एकमेकांशी जुळतं. पीएच जवळजवळ ७ आणि टीडीएस शून्य, म्हणजे तुमच्या नमुन्यासारखं, हे आरओ किंवा डिस्टिल्ड वॉटरचं वर्तन आहे. टीडीएस दीडशे-दोनशे आला तर बोअरचं किंवा नळाचं पाणी मिसळलं असण्याची शक्यता आहे. त्याहूनही बराच जास्त आला तर बेंझोएट किंवा सॉर्बेट हे टिकवण्याचं द्रव्य घातलं असेल, लेबल बघा.

मापनात इथे एक अडचण येते. इतक्या कमी आयनांच्या पाण्यात स्वस्त पीएच मीटरचा आकडा भरकटत राहतो. दोन-तीन मिनिटं थांबून वाचा किंवा ५० मिलिलिटरमध्ये चिमूटभर पोटॅशियम क्लोराइड टाका, आकडा स्थिरावतो. अर्थात टीडीएस त्याआधी मोजून घ्या. पट्ट्या वापरत असाल तर १ ते १४ ची रुंद पट्टी इथे कामाची नाही, ३.५ ते ६.८ सारखी अरुंद टप्प्याची घ्या.

आलेला प्रत्येक नवा कॅन मोजून तारखेसह वहीत लिहा. पहिल्या दिवसाच्या एका आकड्यापेक्षा त्याच पुरवठादाराच्या चार कॅनमधला फरक अधिक सांगतो. कॅन उघडल्यानंतर पीएच ०.५ ने किंवा जास्त सरकला तर त्यात जंतू वाढायला लागले असण्याची शंका घ्यावी.

प्रश्न : पुरवठादाराने जीसी-एमएस रिपोर्ट पाठवला. तो खरा आहे आणि गुलाबजलाचाच आहे हे कसं वाचायचं? (इंदिरानगर)

जीसी-एमएस म्हणजे मिश्रणातले उडणारे घटक वेगळे करून ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी. आधी तो कशाचा रिपोर्ट आहे ते बघा. बहुतेक वेळा पाठवला जातो तो त्याच वनस्पतीच्या तेलाचा रिपोर्ट, पाण्याचा नाही. नमुन्याच्या नावात हायड्रोसोल, डिस्टिलेट किंवा फ्लॉवर वॉटर असं लिहिलेलं हवं. बॅच क्रमांक तुमच्या कॅनवरच्या बॅचशी जुळायला हवा. तारीख, प्रयोगशाळेचं नाव आणि पाण्यातून सुगंधी घटक कसे काढले (हेक्झेनसारख्या द्रावकाने की एसपीएमईने, म्हणजे द्रावकाशिवाय लेप दिलेल्या तंतूवर शोषून) याचा उल्लेख हवा. नुसता घटकांचा तक्ता पुरेसा नाही. प्रत्येक घटकाचं शिखर दाखवणारा आलेख मागा.

मग घटक. गुलाबाचं तेल आणि गुलाबाचं पाणी यांची जडणघडण वेगळी असते. फेनिलइथाइल अल्कोहोल पाण्यात चांगलं विरघळतं, लिटरला जवळपास २० ग्रॅमपर्यंत. म्हणून भट्टीतून काढलेल्या तेलात ते थोडंसं उरतं आणि पाण्यात बहुधा तेच सगळ्यात मोठं शिखर असतं. त्याच्याबरोबर सिट्रोनेलॉल, जेरॅनिऑल, नेरॉल आणि किरकोळ बरेच घटक दिसायला हवेत. एकटं फेनिलइथाइल अल्कोहोल आणि बाकी जवळपास सपाट रेषा, तर बाजारात स्वस्त मिळणारं कृत्रिम द्रव्य पाण्यात टाकलं आहे. उलट, गुलाबतेलातली मेणं, म्हणजे नोनाडेकेनसारखे हायड्रोकार्बन, ठळक दिसली तर पाण्यात तेल मिसळलेलं असू शकतं. ही मेणं पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. डायइथाइल थॅलेट, डायप्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ट्रायइथाइल सिट्रेट दिसलं तर विषय तिथेच संपतो. ही सुगंधाच्या कारखान्यातली द्रावकं आहेत, फुलात नसतात.

रिपोर्टमधले टक्के म्हणजे पाण्यातलं प्रमाण नव्हे, हेही ध्यानात घ्या. ‘फेनिलइथाइल अल्कोहोल ६० टक्के’ याचा अर्थ निघालेल्या सुगंधी भागाचे ६० टक्के. कॅनमध्ये निम्मं पाणी घातलं तरी हे टक्के तेच राहतात. म्हणून पाणी वाढवलेला माल साध्या जीसी-एमएसमध्ये लपतो. त्यासाठी प्रयोगशाळेला मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये मोजून मागावं लागतं. मोठी खरेदी असेल तर कन्नौजचं सुगंध व सुरस विकास केंद्र हा एक पर्याय आहे. खर्च होतो, महिन्याला दोन लिटर वापरणाऱ्याला तो परवडायचा नाही. पन्नास लिटर घेणाऱ्याने एकदा तरी करावा असं आम्ही आग्रहाने सांगू.

त्याहून पुढची चाचणी कायरल स्तंभावरची, म्हणजे एकाच रेणूची डावी आणि उजवी रूपं वेगळी करणारी. गुलाबातलं सिट्रोनेलॉल जवळपास एकाच बाजूचं असतं, कारखान्यातलं सहसा दोन्ही बाजूंचं मिश्रण असतं. नैसर्गिक आणि कृत्रिम यांत वाद पेटला तर ही चाचणी उपयोगी पडते.

प्रश्न : पंचवटीतल्या दुकानातून ‘वाळा जल’ घेतलं. पिवळसर आहे, वास मातीचा छान येतो. तीन दिवसांत आंबूस झालं. फसवलं का? (पंचवटी)

दुकानदाराने वाळ्याची जुडी पाण्यात भिजवून ते पाणी विकलेलं दिसतं. उन्हाळ्यात माठात वाळा टाकतो तसंच. प्यायला उत्तम, पण ते हायड्रोसोल नाही. मुळातला रंग आणि विरघळणारे पदार्थ त्यात उतरतात, म्हणून ते पिवळं दिसतं आणि लवकर आंबतं. अवशेषाच्या चाचणीत वाटीत तपकिरी कडं राहील, शंकेला जागा नाही.

भट्टीतलं वाळ्याचं पाणी रंगहीन असतं आणि त्याला माती, धूर आणि ओलं लाकूड यांचा एकत्र वास येतो. वाळ्याचं तेल जड आणि सावकाश निघणारं असल्याने भट्टी बरेच तास, काही ठिकाणी अख्खा दिवस चालवावी लागते, म्हणून ते स्वस्त मिळत नाही. कधी भट्टी जास्त भरली किंवा आच मोठी ठेवली तर काढा उकळी येऊन वाफेच्या नळीत शिरतो आणि खरं पाणीही पिवळं होतं. असा माल नकली नसला तरी काढणाऱ्याच्या हलगर्जीपणाचा आहे आणि टिकत नाही. परत करा.

प्रश्न : काश्मीरचं लव्हेंडर हायड्रोसोल मागवलं. वास लव्हेंडर तेलासारखा नाही, गवतासारखा आणि थोडा जळका आहे. (कॉलेज रोड)

तुमचं वर्णन अस्सल मालाच्या बाजूने झुकतं. लव्हेंडर तेलाच्या गोड, फुलांच्या वासात लिनालिल अॅसिटेटचा मोठा वाटा असतो. हा घटक पाण्यात फार कमी विरघळतो आणि भट्टीच्या गरम, आम्ल पाण्यात तुटतोही. म्हणून पाण्यात मुख्यतः लिनालूल, टर्पिनिऑल यांसारखे घटक उरतात आणि वास वाळल्या गवताकडे जातो. लव्हेंडर हायड्रोसोल हुबेहूब तेलासारखं दरवळत असेल, तर तेच तपासायला हवं. रिपोर्टमध्ये लिनालिल अॅसिटेट ठळक दिसलं तर तेल घातलं आहे.

जळका वास नव्या पाण्याला येतो. ताज्या हायड्रोसोलला भट्टीचा वास असतो, तो काही आठवड्यांत मुरतो. बाटली सैल झाकणाने थंड, अंधाऱ्या जागी दोन दिवस ठेवा, मग घट्ट लावा आणि महिन्याने पुन्हा वास घ्या. तरीही करपट राहिला तर तळ लागला होता असं समजा.

जम्मूकडच्या भदेरवाह भागात लव्हेंडरची शेती चांगली वाढली आहे आणि फुलोरा जून-जुलैच्या सुमारास येतो. विक्रेत्याला भट्टीचा महिना विचारा. जानेवारीत ‘कालच काढलं’ असं म्हणणारा काय विकतोय ते तुम्हीच ठरवा. केवड्यालाही हाच प्रश्न लागू पडतो. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यात मुख्य बहर पावसाळ्यात असतो, आणि सुगंध फक्त नर कणसाला असतो.

प्रश्न : कोरफड, काकडी आणि तांदळाचं हायड्रोसोल मिळतं. घ्यावं का? (नाशिक रोड)

पैसे वाचवा. कोरफडीत आणि तांदळात वाफेबरोबर जाण्याजोगं सुगंधी तेल नगण्य असतं. कोरफडीचे उपयोगी मानले जाणारे पदार्थ (गर, शर्करा) उडत नाहीत, भट्टीच्या तळाशीच राहतात. प्रामाणिकपणे काढलं तरी हाती येतं ते जवळजवळ डिस्टिल्ड वॉटर. काकडीला थोडा ताजा वास उतरतो, तोही लवकर जातो.

प्रश्न : न उघडलेल्या बाटलीत मे महिन्यात पांढरे धागे दिसले. नकली म्हणून असं झालं का? आणि हे डोळ्यांत घालणं चालतं का? (सातपूर)

धागे म्हणजे बुरशी. ती खऱ्या मालातही येते, किंबहुना टिकवण्याचं द्रव्य नसलेल्या खऱ्या मालात लवकर येते, कारण त्यातलं तेल जंतू रोखण्याइतकं नसतं. गाळून, उकळून वापरू नका, ओतून द्या. नाशिकचा उन्हाळा चाळिशीला टेकतो, आणि दुकानाच्या काचेच्या कपाटात ऊन येत असेल तर दोन महिन्यांत माल बिघडू शकतो. थंड जागी, शक्यतो फ्रीजमध्ये ठेवा, मोठा कॅन आल्या दिवशीच २०० मिलिलिटरच्या, ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळवलेल्या बाटल्यांत भरून ठेवा. कापूस बुडवू नका, स्प्रेने वापरा. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही, दोन वर्षं बाहेर ठेवा, काही होत नाही’ असं सांगणाऱ्याच्या मालाची मात्र चौकशी करा.

डोळ्यांत घालू नका, अस्सल असलं तरी. डोळ्यात जाणारं द्रव निर्जंतुक असावं लागतं आणि खुल्या बाटलीतलं गुलाबजल तसं नसतं. जंतुसंसर्गाने बुबुळाला इजा होऊ शकते. खाण्यासाठीही वेगळं घ्या: खाद्य गुलाबजलाच्या बाटलीवर १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक असतो, सौंदर्यप्रसाधनाच्या बाटलीवर प्रसाधनाचा उत्पादन परवाना. दोन्ही नसेल तर ते फक्त कॅनमधलं पाणी आहे.

प्रश्न : लिटरला किती दर वाजवी समजायचा? (द्वारका)

फुलापासून हिशेब करा. चांगलं गुलाबजल साधारण एक किलो फुलांमागे एक लिटर काढतात. त्या हंगामात, त्या गावात फूल किलोला काय दराने होतं ते विचारा. समजा ८० रुपये असेल, तर जळण, मजुरी, बाटली आणि वाहतूक धरून ८० रुपये लिटरने विकणं शक्यच नाही. एक सूट ठेवा: जिथे अत्तर किंवा तेल हा मुख्य माल असतो, तिथे पाणी जोडउत्पादन म्हणून कमी दरात येऊ शकतं. पण तेही तेल काढून घेतल्यामुळे किंवा जास्त लिटर ओढल्यामुळे हलकं असतं. विक्रेत्याला थेट विचारा, एका किलोमागे किती लिटर काढलं? काढणाऱ्या माणसाला हा आकडा तोंडपाठ असतो.

लेबलवरची घटकांची यादीही वाचा. ‘रोझा डॅमासेना फ्लॉवर वॉटर’ एवढंच, किंवा त्यासोबत एखादं टिकवण्याचं द्रव्य, असं हवं. यादी ‘ॲक्वा’ने (म्हणजे पाण्याने) सुरू होऊन पुढे परफ्यूम आणि पॉलिसॉर्बेट आलं तर उत्पादकाने खरं ते सांगितलं आहे, पुढच्या बाजूला छापलेलं ‘प्युअर’ मग कशाला बघायचं?

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमचं गुलाबाचं पॉलीहाउस आहे. न विकलेली फुलं भट्टीला लावून गुलाबजल काढावं आणि खात्रीचं म्हणून विकावं, असा विचार आहे. (जानोरी)

पॉलीहाउसचा डच गुलाब या कामाला नको. दांडी लांब, फूल टिकाऊ, पण सुगंध फार थोडा. त्याच्या पाण्याला भाजीचाच वास येईल. शिवाय फुलदाणीसाठीच्या पिकावर फवारण्या होतात, आणि काही औषधं वाफेबरोबर पाण्यात येऊ शकतात. वेगळी अर्धा एकर देशी लागवड करा: रोझा डॅमासेना आपल्या उष्णतेत मर्यादित काळ फुलतो, एडवर्ड गुलाब जास्त दिवस फूल देतो. लेबलवर जो लावला तोच लिहा. गुलाबाच्या नावाने कुठलाही गुलाब खपवणं ही फसवणूकच आहे.

फूल उजाडताना तोडा, नऊच्या आत भट्टीवर चढवा. ढिगात तापलेल्या फुलाचा सुगंध झपाट्याने जातो. १० किलो फुलांना २० ते २५ लिटर पाणी, भट्टी दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. १० लिटर काढून थांबा. नळीतून पडणारं पाणी ३० ते ३५ अंशांच्या आत हवं. गरम पडत असेल तर थंड पाण्याचा प्रवाह वाढवा. भट्टीच्या डोक्यावरचं तापमापक १०० ऐवजी ९८ च्या आसपास थांबलं तर बिघाड समजू नका, नाशिकची उंची सुमारे ६०० मीटर असल्याने पाणी तिथेच उकळतं.

तांब्याची भट्टी चालते, पण आतून कल्हई हवी आणि पाणी जमा होणारं भांडं स्टीलचं किंवा काचेचं हवं. गुलाबजल आम्ल असल्याने तांब्यात रात्रभर राहिलं तर तांबं उतरून निळसर-हिरवी झाक येते. असं पाणी विकू नका. विक्रीआधी अन्न व औषध प्रशासनाकडून योग्य परवाना घ्या, प्रसाधनासाठी वेगळा आणि खाद्यासाठी वेगळा.

प्रत्येक बॅचला क्रमांक द्या. बाटलीवर वनस्पती, तोडणीची तारीख, भट्टीची तारीख, किती किलोला किती लिटर आणि बाटली भरतानाचा पीएच छापा. प्रत्येक बॅचच्या १०० मिलिलिटरच्या दोन काळ्या बाटल्या सीलबंद करून फ्रीजमध्ये ठेवा, मुदत संपेपर्यंत. तक्रार आली की ग्राहकाची बाटली आणि ही बाटली शेजारी ठेवून वास, पीएच आणि अवशेष तिघांची तुलना करता येते.